थारला बोल्ट-ऑन रॉक स्लाइडर घेताना पाइप नंतर बघा, आधी पाय बघा

दादा, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गाडी थार, तीन दरवाज्यांची, २०२२ ची डिझेल. महिन्यातनं एकदोनदा वेल्हे-ताम्हिणी पट्ट्यात फिरणं आणि पावसाळ्यात कोकणात उतरणं असतं. गेल्या जूनमध्ये ओढा ओलांडताना डावी बाजू धोंड्यावर बसली आणि दाराखालचा पत्रा आत गेला. आता रॉक स्लाइडर लावायचेत, म्हणजे दाराखाली चासीला धरलेले मजबूत पाइप, गाडी दगडावर बसली तर पत्रा वाचवणारे. पण चासीला वेल्डिंग नको, बोल्ट-ऑनच, म्हणजे बोल्टनं आवळलेलेच पाहिजेत. तीन जणांनी १४ हजार, २६ हजार आणि ४२ हजार असे भाव सांगितलेत, चौथा म्हणतोय ९ हजारात चासीलाच वेल्ड मारून देतो, जन्मात हलणार नाय. एवढा फरक कशाचा आणि यातलं घ्यायचं कुठलं.

मी अठरा वर्षं फॅब्रिकेशनमध्ये आहे, भोसरीला छोटं शेड आहे, स्लाइडर स्वतः बनवलेत, दुसऱ्यांचे वाकलेले सरळ करून दिलेत आणि माझे स्वतःचे पण वाकवलेत. त्यामुळे जरा लांबड लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे स्लाइडर बघायला गेलं की सगळेच जण पाइप बघतात. बोटानं टकटक करतात, किती एमएमचा आहे विचारतात, उचलून बघतात, जड लागला की खूश. पाइप महत्त्वाचा आहेच, त्याच्यावर येतो पुढे, पण मी आजवर जेवढे स्लाइडर फेल झालेले बघितले त्यातल्या बहुतेकांचा पाइप चांगला होता आणि पाय गेला होता. पाय म्हणजे पाइपपासून चासीपर्यंत येणारा आडवा दांडा, त्याच्या टोकाची प्लेट आणि ती प्लेट चासीला धरून ठेवणारे बोल्ट. तिथे काय केलंय ते बघा, बाकी सगळं त्याच्यानंतर.

माझीच गोष्ट सांगतो. माझ्याकडे आधी जुनी सीआरडीई थार होती, तिला मी हौसेनं स्वतः स्लाइडर केले. पाइप सी क्लासचा, जाड, वेल्डिंग एकदम सुबक, काळा रंग, मित्रमंडळी म्हणाली वा. प्लेट मात्र ७५ मिमी उंचीची आणि प्रत्येक पायाला दोन एम-१०, म्हणजे १० मिमीचे बोल्ट, कारण चासीवर तिथे तेवढीच भोकं होती आणि नवीन काही करायचा आळस. रत्नागिरीकडे कातळसड्यावरून उतरताना एक पायरी लागली, गाडी मधोमध उजव्या स्लाइडरवर बसली आणि कट्ट करून आवाज आला. खाली उतरून बघतो तर पाइपला एक पोचा नाही, नुसता रंग खरवडलेला. पण अख्खा स्लाइडर बिजागरीसारखा वर फिरला होता, खालचे बोल्ट ताणले गेले होते आणि तो जाडजूड न वाकलेला पाइप दाराखालच्या सिलमध्ये इंचभर घुसला होता. दार उघडेना. म्हणजे स्लाइडर नसता तर दगडानं जेवढा पत्रा चेपला असता त्यापेक्षा जास्त माझ्या पाइपनं चेपला. रोगापेक्षा उपाय भयंकर.

ते का झालं याचं गणित सोपंय, आणि हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही दुकानात तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही. तुमची थार रिकामी पावणेदोन टनाच्या आसपास, माणसं सामान धरून दोन टनाकडे. एका बाजूनं बसली की निम्मी गाडी एका स्लाइडरवर येते, समजा ९०० किलो, आणि दगडाला हे माहीत नसतं की तुमच्या स्लाइडरला तीन पाय आहेत, तो बरोबर एकाच पायाखाली येतो. पायाची लांबी, म्हणजे चासीपासून बाहेरच्या पाइपापर्यंत, धरा ३०० मिमी. आता हा झाला पहारीचा दांडा. दांड्याच्या टोकाला ९०० किलो वर ढकलतायत आणि दुसऱ्या टोकाला प्लेट चासीवरून सोलून निघायला बघतीय. प्लेटची वरची कड चासीवर टेकते आणि खालचा बोल्ट ओढला जातो, आणि माझ्या प्लेटमध्ये तो बोल्ट त्या टेकणाऱ्या कडेपासून जेमतेम ५० मिमीवर होता. ३०० भागिले ५० म्हणजे सहा पट, म्हणजे त्या बोल्टवर ५४०० किलोची ओढ. ८.८ ग्रेडचा एम-१० बोल्ट कायमचा न ताणता साधारण ३४०० किलोपर्यंत सहन करतो. विषय संपला. तेच जर प्लेट उंच असती आणि बोल्ट १४० मिमीवर असता तर ओढ १९०० किलोच्या आसपास आली असती, तोच बोल्ट, तोच पाइप, आणि काहीही झालं नसतं. आणि हे सगळं हळू टेकल्यावरचं, गाडी आपटली तर याच्या दुप्पट धरायचं, म्हणून एम-१२ पाहिजेत, ते ८.८ मध्येच ५ टनापर्यंत जातात.

म्हणून पायाची प्लेट बघताना तीन गोष्टी बघा. ती उंच पाहिजे, चासीच्या बाजूच्या भिंतीची जेवढी उंची मिळेल तेवढी सगळी वापरलेली. ती एल आकाराची पाहिजे, म्हणजे चासीच्या बाजूला लागून खाली वळून चासीच्या पोटाखाली पण गेलेली. याचा फायदा असा की दगडानं वर ढकललं की चासीच प्लेटवर बसते, भार सरळ चासीच्या तळावर जातो, बोल्टांना फक्त धरून ठेवायचं काम राहतं. सपाट प्लेट असेल तर सगळा भार बोल्टवर आडवा येतो. आणि तिसरं म्हणजे पाय आणि प्लेटच्या जोडाला त्रिकोणी गसेट, म्हणजे कोपऱ्यातला आधाराचा तुकडा पाहिजे, खालच्या बाजूनं असेल तर दगडात अडकू नये म्हणून ते चासीच्या तळाच्या खाली उतरलेलं नको. प्लेट किमान ६ मिमी. ५ मिमी पण चालते गसेट नीट असेल तर, पण ३ मिमीची प्लेट घडी घालून जाड दाखवतात, कडेनं बघा.

आता ती प्लेट चासीला धरते कशी, इथे बोल्ट-ऑनमध्ये चार प्रकार बघायला मिळतात. सगळ्यात चांगला म्हणजे चासीवर कंपनीनं ठेवलेली भोकं वापरून आतून नट-प्लेट घालायची. नट-प्लेट म्हणजे पट्टीला नट वेल्ड करून तिला तार किंवा शेपटी लावतात आणि मोठ्या भोकातून चासीच्या पोकळीत सरकवतात, मग बाहेरून बोल्ट. यात चासीला ड्रिल लागत नाही आणि पट्टी रुंद असल्यामुळे ओढ पसरते. दुसरा म्हणजे चासीच्या वरून आणि खालून प्लेटा घेऊन मध्ये चासी दाबायची, शिकंजासारखं. चांगला आहे, फक्त वरची प्लेट कुठली वायर किंवा पाइपलाइन दाबत नाही ना ते बघायचं. तिसरा यू-बोल्ट. हा जगातला सगळ्यात सोपा आणि म्हणून सगळ्यात लोकप्रिय. एक मदतनीस म्हणून ठीक, पण नुसत्या यू-बोल्टवर स्लाइडर उभा करू नका, कारण चासी चौकोनी आहे आणि यू-बोल्ट फक्त कोपऱ्यांना धरतो, दगडानं मागे ढकललं की अख्खा स्लाइडर चासीवरून रुळावरच्या डब्यासारखा सरकतो. चौथा प्रकार म्हणजे चासीला आरपार ड्रिल मारून लांब बोल्ट टाकायचा. हा कोणी सुचवला तर नमस्कार करून निघा. चासी आतून पोकळ असते, आरपार बोल्ट टॉर्कवर आवळला की दोन्ही भिंती आत दबतात, आत स्लीव्ह टाकल्याशिवाय तो बोल्ट नीट आवळताच येत नाही आणि सैल ठेवला तर भोक लंबगोल होत जातं. शिवाय चासीच्या आतल्या बाजूनं ब्रेकचे पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग जातं, ड्रिल पलीकडे कशात घुसेल सांगता येत नाही.

प्लेट आणि चासीच्या मध्ये रबर टाकून देतो, चासी घासणार नाही, असं कोणी म्हणालं तर ते पण नको म्हणा. ऐकायला छान वाटतं. पण बोल्टेड जोड चालतो तो घर्षणावर, दोन लोखंडं एकमेकांवर घट्ट दाबली गेली म्हणून ती सरकत नाहीत, आणि रबर टाकलं की बोल्ट कधीच पुरता आवळला जात नाही, रबर दबत राहतं आणि बोल्ट सैल होत राहतो. पावडर कोटिंगचा जाड थर पण थोडं तेच करतो, म्हणून मी प्लेटच्या टेकणाऱ्या बाजूला पावडर मारतच नाही, पातळ झिंक प्रायमर मारून सोडतो.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचा. ८.८ लिहिलेलं म्हणजे पहिला आकडा ८०० एमपीएची ताकद (एमपीए हे लोखंडावरचा ताण मोजायचं माप) आणि दुसरा म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ मिळाले तर अजून बरं. डोकं कोरं असेल तर तो ग्रिल-गेटचा बोल्ट. आणि स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट लावून देणारे असतात, गंजत नाही म्हणून, पण बाजारात मिळणारा नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो, साधारण ४५० एमपीएला ताणतो, जिथे ८.८ वाला ६४० पर्यंत थांबतो. एवढी बचत करू नका, बोल्टांचा सगळा सेट मिळून एका डिझेल टाकीएवढा पण होत नाही.

आता पाइप. फूटस्टेप आणि स्लाइडर यातला फरक विचारलाय तुम्ही, तर फूटस्टेपला पण पाइपच असतो, पण तो दीड-दोन मिमीचा, ८०-९० किलोच्या माणसाचा पाय झेलायला केलेला. हिशोब करून बघा, दोन पायांमधलं अंतर ६०० मिमी, मधोमध ९०० किलो, ४८ मिमी व्यासाचा पाइप. २ मिमी जाडी असेल तर लोखंडात ताण येतो ४०० एमपीएच्या वर, म्हणजे साधं लोखंड, जे २४० ला वाकायला लागतं, ते कधीच गेलं. ३.२ मिमी असेल तर २८० च्या आसपास, म्हणजे वाकणार, पण लाजत लाजत. ४ मिमी असेल तर २३५-२४०, काठावर पास. ४८ मिमीचा ४ मिमी म्हणजे आपल्या भाषेत दीड इंची सी क्लास पाइप, ३.२ म्हणजे बी क्लास. तुम्ही दुकानात सी क्लास विचारलंत की समोरचा जरा सरळ होऊन बसतो.

एक गंमत, जी लोक विसरतात. पाइप जाड करण्यापेक्षा व्यास वाढवला तर जास्त फायदा होतो. दोन इंची पाइप, ६० मिमी व्यासाचा, ३.६ मिमी जाडीचा घेतला तर तोच ताण १५७ वर येतो, आणि वजन मीटरला सव्वाचार-साडेचार किलोवरून पाच किलोवर जातं, फक्त एवढंच. तोटा हा की जागा जास्त खातो. म्हणून मी स्वतः दोन पाइपांतला आतला, चासीकडचा मुख्य रेल चौकोनी घेतो, ६० बाय ४० चा ४ मिमी, उभा, आणि बाहेरचा गोल. चौकोनी पाइपावर पाय वेल्ड करणं पण सोपं, गोल पाइपाला माशाच्या तोंडासारखा कट घ्यावा लागतो, आणि तो कट नीट बसला नाही की वेल्डर फट लोखंडानं भरतो, वरून कीर्तन आणि आतून तमाशा. चौकोनी पाइप घेताना ३१० ग्रेडचा मागा, आयएस ४९२३ मध्ये येतो, साध्यापेक्षा थोडा महाग आणि ताकद चांगली सव्वापट. परदेशातल्या व्हिडिओत डीओएम पाइप डीओएम पाइप करतात, तो आपल्याकडे शोधत बसू नका, सीडीडब्ल्यू, म्हणजे वेल्ड करून थंड ओढलेला पाइप मिळाला तर छान, नाही तर चांगला इआरडब्ल्यू, म्हणजे नेहमीचा शिवणीवर वेल्ड केलेला पाइप भरपूर झाला. आणि पाण्याचा गॅल्वनाइज्ड पाइप वापरून स्लाइडर केलेले बघितलेत मी, जस्तावर वेल्ड मारलं की धूर विषारी आणि जोड स्पंजासारखा.

वेल्डिंग को-टू चं, म्हणजे सीओटू गॅसवालं असावं, आर्कनं, म्हणजे साध्या वेल्डिंग रॉडनं पण चांगलं होतं हात बसलेला असेल तर. बघायचं एवढंच की वेल्ड सगळीकडून फिरलेलं आहे का, का फक्त वरून दिसतं तिथं मारलंय. हात घालून खालून चाचपा.

पाय किती? तीन दरवाज्यांच्या थारला तीन, पाच दरवाज्यांची थार रॉक्स असेल तर चार, कारण तिचा व्हीलबेस २८५० मिमी आहे आणि तुमचा २४५०. ज्यांच्याकडे जिम्नी आहे त्यांना पण हेच लागू, फक्त गाडी हलकी, १२०० किलोच्या आसपास, त्यामुळे थारचे जड स्लाइडर कापून जिम्नीला बसवायचा उद्योग करू नये, त्या बिचाऱ्या १०३ बीएचपीला ते ओझं जाणवतं. तुमच्या थारला चांगल्या स्लाइडरची जोडी ४०-४५ किलोची होईल, म्हणजे मागच्या सीटवर सहावी-सातवीतलं पोरगं कायम बसलेलं. ६० किलोच्या पुढे गेली तर कुणीतरी जाड पाइप घालून डिझाइनचा आळस लपवलाय. २५ च्या खाली असेल तर ती फूटस्टेप आहे, नाव काही का असेना.

बसवायचं कसं यातली एक गोष्ट थारवाल्यांना सांगावीच लागते. मुख्य रेल चासीच्या तळाच्या खाली लोंबता कामा नये. थारचा रॅम्प अँगल २६-२७ अंश आहे, त्यावरच तुम्ही ते उंचवटे पोट न लावता पार करता, आणि स्लाइडर ४० मिमी खाली लोंबला तर त्यातले साडेतीन अंशांच्या आसपास जातात, म्हणजे स्लाइडरमुळेच तुम्ही जास्त वेळा स्लाइडरवर बसणार. चांगला स्लाइडर चासीपासून निघून बाहेर जाताना किंचित वर जातो, १०-१५ अंश, त्यामुळे दगड आधी तिरक्या पृष्ठावर लागतो आणि गाडी त्याच्यावरून घसरते. नावच स्लाइडर आहे, त्याचं काम अडवायचं नाही, घसरवायचं. म्हणून त्याच्या पोटाला बोल्टची डोकी, गसेटचे कोपरे, क्लॅम्प असं काही बाहेर आलेलं नको, एक डोकं बाहेर असलं तरी आपल्या काळ्या पाषाणाची धार त्यात बरोबर अडकते. जांभा तरी जरा कुरतडला जातो, सह्याद्रीचा बेसॉल्ट हलत नाही.

वर बॉडी आणि स्लाइडरमध्ये १५ ते २० मिमी फट ठेवा. थारची बॉडी चासीवर रबरी माउंटवर बसते, एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर असलं की चासी पिळते आणि बॉडी तिच्यापेक्षा वेगळी हलते, फट नसेल तर पाइप सिलला घासून रंग काढतो. आणि याच कारणानं स्लाइडर फक्त चासीला धरला पाहिजे. काही जण अजून मजबूत म्हणून एक क्लॅम्प सिलच्या शिवणीला पण मारतात, तो क्लॅम्प चासी पहिल्यांदा अशी पिळली की पत्रा फाडतो.

मागच्या टोकाला पाइप बाहेर वळवलेला असतो, किक-आउट म्हणतात, तो घ्या. झाडाच्या किंवा खडकाच्या कडेनं अरुंद वळण घेताना मागचं चाक आत ओढलं जातं, तिथे तो गाडीचा मागचा भाग बाहेर ढकलतो. पुढच्या टोकाला मात्र तो चासीकडे मिटलेला पाहिजे, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून, टायर वर दाबला गेल्यावर पण ३०-४० मिमी फट राहील इतका मागे. पुढे मोठे टायर घालणार असाल तर आत्ताच सांगा.

चौथ्या माणसाचं ९ हजारवालं. वेल्ड केलेला स्लाइडर बोल्टवाल्यापेक्षा मजबूत असतो हे खरं आहे, खोटं बोलणार नाही. गोव्यात २०१४ ला सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेसाठी खास बनवलेली गाडी असेल तर तिचं गणित वेगळं. तुमची गाडी रोज ऑफिसला पण जाते. चासीवर वेल्ड मारलं की त्या जागेचा आतला रंग जळतो, आतून गंज सुरू होतो आणि तो तुम्हाला दिसत नाही, उष्णतेनं बाजूचं लोखंड मऊ किंवा ठिसूळ होतं, चुकून वेल्डची ओळ आडवी ओढली तर तिथूनच चीर जाते, आणि वॉरंटीला कंपनी हात वर करते ते वेगळंच. वेल्डिंग करताना बॅटरीची तार न काढता ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची वाट लावलेले पण बघितलेत. आणि बोल्टवाला वाकला तर काढून, सरळ करून परत बसतो, वेल्डवाला वाकला तर चासी वाकवून वाकतो. तुम्ही बोल्ट-ऑनच म्हणताय ते बरोबर आहे, डगमगू नका.

कायद्याचं बोलायलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर कंपनीनं दिलेली जी माहिती आहे तिच्याशी विसंगत असा बदल गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच उचलून धरलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड, बुल बार विरुद्ध कारवाई करायला सांगितलं होतं. ते सगळं मुख्यतः पुढच्या गार्डबद्दल, पायी चालणाऱ्याला लागण्याबद्दल होतं, पण रस्त्यावर अडवणारा माणूस पुढचा पाइप आणि बाजूचा पाइप असा फरक करत बसत नाही. म्हणून स्लाइडर चाकाच्या फ्लेअरच्या, म्हणजे चाकावरच्या बाहेर आलेल्या कडेच्या रेषेच्या आत ठेवा, टोकं बंद आणि गोल ठेवा, टोकदार काही नको, बिल जपून ठेवा, आणि विमा कंपनीला ॲक्सेसरी म्हणून आधीच कळवा. काढता येतात हा बोल्ट-ऑनचा इथे पण फायदा.

गंज. तुम्ही कोकणात जाता म्हणून सांगतो, पावडर कोटिंग दिसायला राजा, पण स्लाइडर हा घासण्यासाठीच आहे. पहिल्या दगडाला पावडर खरवडते आणि मग खारं पाणी कडेनं आत शिरून पापुद्रा उचलतं, वरून काळं दिसतं आणि खाली लाल. मी झिंक प्रायमरवर साधा पीयू (पॉलियुरेथेन) काळा रंग मारायचा सल्ला देतो, दर ट्रिपनंतर स्प्रेचा डबा घेऊन दहा मिनिटात टच-अप. पाइपला खाली पाणी निघायला ६-८ मिमीची भोकं पाहिजेत, आणि दोन पाइपांच्या मध्ये पत्रा किंवा जाळी असेल तर तिथे जांभ्याचा लाल चिखल साठतो तो घरी आल्यावर पाइप लावून धुवा, आठवडाभर ओला राहिला की काम झालं.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की आई-वडिलांना चढायला त्रास होतो, स्लाइडरवरून चढता येईल का. येईल, पण सगळ्यांवरून नाही. गोल पाइपवर पावसात पाय सरकतो, म्हाताऱ्या माणसाला तिथे चढवू नका. दोन पाइपांच्या मध्ये चेकर प्लेट किंवा भोकं पाडलेला जाड पत्रा वेल्ड करून घ्या, किमान १०० मिमी रुंद. तरी तो फूटस्टेपपेक्षा उंचच राहणार, कारण स्लाइडर खाली लोंबवता येत नाही. माझ्या आईसाठी मी गाडीत एक छोटा लाकडी पाट ठेवतो. तिला तो पाटच बरा वाटतो, स्लाइडर तिच्या मते उगाच पैसे घातले.

अजून एक, तुमच्या खिशाच्या बाजूनं. जर अजून रिकव्हरी हुक नीट नसतील आणि टायर कंपनीचेच असतील, तर आधी ते करा. आणि इगतपुरीला महिंद्राची ऑफरोड ट्रेनिंग अकॅडमी आहे, तिथे एक दिवस घालवा. गेल्या जूनमध्ये तुम्ही धोंडा दोन चाकांच्या मध्ये घेतलात असं तुमच्याच वर्णनावरून दिसतंय. तो चाकाखाली घ्यायचा असतो, चाक वर चढतं, पोट नाही. स्लाइडर लावल्यावर माणूस याबाबतीत आळशी होतो, मी पण झालो होतो.

तर आता तुमचे तीन भाव. १४ हजारवाल्याचे फोटो तुम्ही पाठवलेत त्यात पाय म्हणजे वाकवलेली पट्टी आहे आणि बोल्ट सिलच्या खाली जातायत, ती फूटस्टेप आहे, हेवी ड्यूटी असं स्टिकर लावल्यानं स्लाइडर होत नाही. २६ हजारवाल्याचा पाइप चांगला दिसतोय, दीड इंची सी क्लास म्हणतो तर असेलही, पण प्लेट सपाट आहे आणि मला दोनच बोल्ट दिसतायत. त्याला विचारा, एल प्लेट आणि पायाला चार एम-१२ करून देशील का, तीन-चार हजार जास्त घे. चांगला माणूस असेल तर करेल, कारण त्याला एक प्लेट वाकवायची आणि दोन भोकं जास्त मारायचीत. ४२ हजारवाल्याचं डिझाइन बरोबर आहे, लेझर कट प्लेटा, नट-प्लेट, सगळं, त्यातले काही हजार रुपये डब्याचे आणि लोगोचे आहेत. २६ वाला तयार झाला तर मी त्याच्याकडून घेईन, नाही झाला तर ४२ वाला.

कोणाकडूनही घ्या, पैसे पूर्ण द्यायच्या आधी त्याच्याच शेडमध्ये एक चाचणी करा. सपाट जमिनीवर गाडी उभी, हँडब्रेक, पलीकडच्या बाजूच्या दोन्ही चाकांना ओट, गाडीत आणि गाडीखाली कोणी नको. स्लाइडर आणि सिलमधली फट तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. मग बाहेरच्या पाइपाखाली मधोमध जॅक, खाली लाकडी ठोकळा, आणि त्या बाजूची दोन्ही चाकं जमिनीवरून नुसती सुटेपर्यंत उचला. परत मोजा. तीन-चार मिमी फट कमी झाली तर काही नाही, लोखंड आहे, लवचिकता असणारच. खाली उतरवल्यावर मात्र आकडा जिथल्या तिथे परत आला पाहिजे. एक-दोन मिमी जरी परत नाही आली तर कुठेतरी काहीतरी सरकलंय किंवा वाकलंय. जो दुकानदार ही चाचणी करू देत नाही त्याला कारण विचारायची पण गरज नाही.

बोल्ट टॉर्क रेंचनं आवळून घ्या, पान्यावर पाय देऊन नाही, ८.८ चा एम-१२ असेल तर ८० न्यूटन मीटरच्या आसपास, एम-१० ला ४५. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून प्लेटवर पांढऱ्या मार्करनं एक सरळ रेघ मारा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पहिल्या ट्रेलनंतर खाली वाकून टॉर्च मारून बघा, रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट सैल झालाय, परत आवळा, आणि तोच बोल्ट दुसऱ्यांदा सैल झाला तर आवळू नका, काढा आणि भोक बघा.